उजव्या हाताचा नवस

गाणगापुरात बारा वाजलेले घड्याळात बघावे लागत नाहीत. देवळातली नैवेद्याची घंटा झाली की आमच्या गल्लीत एकदम पावलं वाढायची. चपला घातलेली, अनवाणी, नदीवरून ओलीच आलेली. मोठमोठ्या घरची माणसं, ज्यांनी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, ती खांद्याला झोळी अडकवून दारोदार माधुकरी मागायची. पाच घरं मागायची आणि पडेल ते खायचं. त्या गर्दीत कुठल्या तरी रूपात खुद्द दत्त महाराज असतात, अशी आमच्या गावाची खात्री. श्रद्धा म्हणत नाही मी, खात्रीच. म्हणून दुपारी दारात आलेल्याला परत लावायचं नाही, त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं, भाकरी ठेवायची आणि कुणी का असेना, ‘घ्या, महाराज’ म्हणायचं. आदल्या दिवशी पिऊन गटारीत पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या दारात महाराज व्हायचा. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. गैर एवढंच होतं की वाढणारा हात दुसऱ्या कुणाचा चालत नव्हता. तो माझाच लागायचा.

झालं होतं असं. मी अंगणवाडीत जायच्या वयाची असताना मला ताप भरला आणि उतरेना. दवाखाने झाले, अंगारे झाले. शेवटी मायनं मला कांबळ्यात गुंडाळलं, संगमावर नेलं आणि औदुंबराखाली ठेवून देवाला म्हणाली, “हिला वाचीव. हिचं लग्न होऊस्तोर रोज दुपारी हिच्या उजव्या हातनं माधुकरी घालीन.” मी वाचले. आता बघा, नवस बोलणारी माय, आणि अडकले कोण? मी! बाई स्वतःच्या उपासाचं बोलली असती, चपला सोडते म्हणाली असती, तर मी काय नको म्हणाले असते? पण तिच्या डोळ्यापुढं तेव्हा माझा तो तापलेला इवलासा हात होता. तो हात मोठा होईल, त्याला शाळेत, कॉलेजात, कुठंतरी जावंसं वाटेल, हे त्या घडीला कोण कशाला मनात आणतंय. मोठी होऊन हे सगळं सांगते आहे म्हणून शहाणपण सुचतंय. माझ्या पोटच्या पोराला तसा ताप आला असता तर मी कुणाचा काय देऊन टाकला असता, देव जाणे.

घर आमचं तीन खोल्यांचं. एक यात्रेकरूंना भाड्यानं द्यायची, दोन आमच्या. आज्याच्या काळात आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं, पण माझ्या आठवणीत मेंढरू एकही नाही, भिंतीला टांगलेलं काळं कांबळं तेवढं उरलं होतं. अप्पा स्टेशनवरून यात्रेकरू आणायला ऑटो चालवायचे. फार गरीब स्वभावाचा माणूस. मायनं ‘व्हय’ म्हटलं की व्हय, ‘न्हाई’ म्हटलं की न्हाई. माय मात्र पहाटे उठून जी चुलीपुढं बसायची ती दुपारपर्यंत हलायची नाही. परातीतल्या भाकरीवर तिचे तळहात पडायचे तो थपथप आवाज हाच माझा गजर. भाकरीबरोबर कधी झुणका, कधी पुंडीची आंबट भाजी, आणि शेंगाची चटणी तर रोज. अकरा वाजले की टोपली भरून उंबऱ्याशी यायची आणि टोपलीमागं मी. शाळा होती तोवर हेडमास्तर भला माणूस, मधल्या सुट्टीत मला घरी सोडायचा. बारावी झाली आणि कोंडी झाली. कलबुर्गीचं कॉलेज म्हणजे सकाळची गाडी आणि संध्याकाळची गाडी, आणि बारा वाजता मी तर उंबऱ्यात पाहिजे. शेवटी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरलं. मैत्रिणी सकाळी बसला लटकून जायच्या आणि मी त्यांना दारातून हात करायचे. त्याच हातानं.

माय काही वाईट नव्हती. माझं तोंड उतरलेलं तिला दिसायचं. ती म्हणायची, “लगीन कर की. लगीन झालं की सुटलीस तू.” तिच्या बोलण्यात तेव्हा माझी कीवच होती. माझ्या अंगावर मात्र काटा यायचा. एका दारातून सुटायला दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं! त्या हिवाळ्यात औरादकडचं एक स्थळ दोनदा येऊन गेलं. मुलगा बरा होता. त्याच्या आईनं मला भाकरी करून दाखवायला लावली आणि हाताकडं बघून म्हणाली, “हात चांगलाय.” होळीनंतर कळवतो म्हणाले. मला वाटलं, या हातानं माझा जन्म खाल्ला.

त्याच्या दोन वर्षं आधी गावात शिरीन मॅडम आल्या होत्या. मूळच्या बीदरच्या. चांगली तीस वर्षं तिकडं वेल्समधल्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा गेल्यावर परत आल्या त्या एक लांबुळका चेंडू आणि एक वेड घेऊन. त्या सांगायच्या, तिकडं डोंगरात खाणी होत्या, खाणीपाशी लहान लहान गावं, आणि प्रत्येक गावाचा आपला रग्बीचा क्लब. खाणी बंद पडल्या, दुकानं बंद पडली, क्लब काही बंद पडला नाही. शनिवार आला की सगळं गाव मैदानावर. एकदा आपल्या गावात खेळायचं, एकदा त्यांच्या गावात जाऊन खेळायचं, असं सगळ्यांशी. वरची फळी, खालची फळी. शेवटी राहिला तो खाली घसरला. “वैसाच इधर करती मैं,” म्हणाल्या, “और छोकरियांकाच करती. छोरे तो किरकेटमेंच मरते.” लोक हसले. पण बाईंनी बीदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्हे पालथे घातले आणि पोरींचे क्लब उभे केले. बीदरचा, भालकीकडं मेहकरचा, बसवकल्याणकडं मंठाळचा, असे आणखी काही. आमच्या गावचा तो संगम क्लब. शनिवारी रात्री त्यांना तिकडून मैत्रिणीचा फोन यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला तिकडचे निकाल वाचून दाखवायच्या, जशा काय आम्ही तिथंच जन्मलो! त्या गावांची नावं म्हणता म्हणता जीभ गाठ मारून बसायची. मला पाठ होती सगळी. जिथं कधी जायचं नाही त्या गावांची नावं पाठ करायची मला सवयच होती.

मला संघात ओढलं ते महादेवीनं. महादेवी म्हणजे बाजारात पादुका, अंगारा आणि झोळ्या विकणाऱ्या लिंगायत दुकानदाराची पोरगी. मराठीत भांडायची, कन्नडात हिशोब करायची आणि दोन्हीत कुणाला ऐकायची नाही. ती आमची कॅप्टन. मला म्हणाली, “रेणी, तू रोज एवढी टोपली उचलायलीस, तुझे खांदे बघ की गं! मधी घालू तुला.” मधी म्हणजे स्क्रमच्या मधी. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. दोन्ही बाजूच्या आठ-आठ पोरी एकमेकींना गच्च धरून, डोकी खाली घालून, समोरासमोर भिडतात आणि रेटतात, आणि चेंडू त्या दोन्ही बाजूंच्या मधी, पायांत टाकतात. सगळ्यात पुढं तिघी. त्यातली मधली मी. माझा एक हात डाव्या बाजूच्या पोरीच्या खांद्यावरून, दुसरा उजव्या बाजूच्या. दोन्ही हात गुंतलेले, मान समोरचीच्या मानेला घासतेय, मागून पाच जणी ढकलायला लागलेल्या. चेंडू ओढायचा तो पायानं. श्वास घ्यायला जागा नाही, पळायला वाट नाही. आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला सगळ्यात मोकळं तिथंच वाटायचं. मॅडम बाहेरून ओरडायच्या, “हात ढीले नक्को कर गे रेणुका! हात छोडी तो सब गिरते!” हात सोडायचा नाही हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आमच्या गावातली मॅच असली की मी होते. शनिवारी दुपारी शेवटची भाकरी वाढायची, टोपली पालथी घालायची आणि हायस्कूलच्या मैदानाकडं पळत सुटायचं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, “कुठं जायलीस गं एवढी पळत?” मी म्हणायचे, “मरायला!” मैदान म्हणजे काय, खडेच खडे. कोपरं सोललेली असायची, तोंडात माती असायची. घरी आल्यावर माय कढत पाण्यानं गुडघे शेकायची आणि पुटपुटायची, “पोरीच्या जातीला हे कोणतं खूळ म्हणावं.” पण बंद कर असं कधी म्हणाली नाही. बाराला मी घरात असले की तिचं काही म्हणणं नसायचं.

परगावच्या मॅचचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. सकाळीच निघावं लागायचं. पोरी टेम्पोत बसून गाणी म्हणत आमच्या दारावरून जायच्या, महादेवी हॉर्न वाजवायला लावायची आणि ओरडायची, “घरकोंबडे, अंडी घालून ठेव!” मी हसायचे आणि आत येऊन टोपलीवरचं फडकं विनाकारण झटकायचे. परगावी माझ्या जागी गौरम्मा खेळायची. तसं भागत होतं. पण संक्रांतीनंतर गौरम्माचं लग्न झालं, ती गेली सोलापूरला, आणि आमचा संघ परगावी हरायला लागला. रग्बीत मधली पोरगी शिकलेलीच लागते, कुणालाही उभी केली तर मान मोडेल. ती नसली तर स्क्रम नुसता नावाला उभा राहतो आणि दंड म्हणून वर एक गडी कमी घेऊन खेळावं लागतं. बीदरला हरलो. मेहकरला तर शेतात राबणाऱ्या पोरींनी आमच्या पोरींना काडी मोडावी तशा मोडल्या. गावात जिंकायचो, बाहेर आपटायचो. असं करत करत संघ तळाला आला. शेवटची मॅच उरली ती मंठाळला. हरलो तर खालच्या फळीत.

मी मायला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. “एकाच शनिवारी तू वाढ ना गं.” ती भाकरी थापत होती. हात थांबले. “कामून मला मारायलीस?” म्हणाली. “तुला काय झालं तर मी कुठं जाऊ?” मी म्हटलं, “मला काय व्हायलंय? बघ की, रेडा झालाय माझा!” तर ती रडायलाच लागली. तव्यावरची भाकरी करपली. मी ती उचलून खाली ठेवली. ओरडली असती, हात उगारला असता, तर मी भांडले असते, दार आपटून गेले असते. रडणाऱ्या मायपुढं काय करायचं ते मला कधी कळलं नाही. त्या रात्री जेवताना अप्पा नुसते ताटाकडं बघत होते.

आणि मग तो शुक्रवार आला, मॅचच्या आदल्या दिवशीचा. घंटा झाली. मी उंबऱ्यात, टोपली पुढ्यात, मान खाली. हात येत होते, मी वाढत होते. घ्या महाराज, घ्या महाराज. म्हाताऱ्याचा हात, अंगठ्यांचा हात, मेंदी लावलेला हात. मग एक झोळी आली, नवीकोरी, भगवी, अजून घडी न मोडलेली. तिच्या मागचा हात खरचटलेला, नखात माती. मी भाकरी ठेवायला गेले तर झोळी मागं सरली. तोंडाकडं बघायचं नाही हा नेम मी पहिल्यांदा मोडला. पुढं महादेवी उभी होती, लाल जर्सी घालून. तिच्या मागं सगळा संघ, एकीमागं एक, सगळ्यांच्या खांद्याला महादेवीच्याच दुकानातल्या झोळ्या. पार लांब गल्लीच्या तोंडाशी शिरीन मॅडम डोक्यावर पदर घेऊन कपाळाला हात लावून उभ्या होत्या. त्यांना हे खूळ मंजूर नव्हतं हे तिथूनच कळत होतं.

“भाकरी नको,” महादेवी मोठ्यानं म्हणाली, आत ऐकू जावं म्हणून. “उद्याच्या दिवस रेणी वाढा.”

रांगेतले लोक थबकले. माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. “चेष्टा करायल्या का गं भवान्यांनो? देवाच्या कामात?”

“चेष्टा न्हाई अव्वा,” महादेवी म्हणाली. एरवी तोंडाळ पोरगी, पण तेव्हा तिनं झोळी दोन्ही हातांनी पुढं धरली. “दुपारी दारात आलेल्याला परत लावायचं न्हाई, हे तुमीच सांगत आलाव. आमी मागायलोत. तुमी न्हाई म्हणा, आमी जातोत.”

माय एकेकीच्या तोंडाकडं बघत गेली. इतकी वर्षं ज्या पोरी तिच्या डोळ्यासमोर नाक पुसत मोठ्या झाल्या, त्यांना ती अशी बघत होती की जणू यातल्या कुणाच्या कपाळावर काही उमटलेलं दिसतंय का. तिला काय वाटत असेल ते मला आज समजतं. ती एका बाजूनं देवाच्या तावडीत होतीच, आता दुसऱ्या बाजूनंही तोच येऊन उभा राहिला होता. दिलं तर नवस मोडतो, नाही दिलं तर दारचा अतिथी परत जातो. माझीच कोंडी झाली आहे असं मी समजत होते. त्या उंबऱ्यात माय माझ्यापेक्षा जास्त अडकली होती. रांगेतला एक सांगलीकडचा म्हातारा हळूच म्हणाला, “वाढा माऊली. मागतंय कोण, आपल्याला काय ठाऊक.”

मायनं हात पदराला अर्धवट पुसले. माझं उजवं मनगट धरलं, इतकं घट्ट की पीठ माझ्या कातडीवर उमटलं, आणि माझा हात उचलून महादेवीच्या झोळीत ठेवला. “घ्या, महाराज,” म्हणाली. “उद्याच्या दिवस. सांजच्याला आणून सोडा.” आणि तडक आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायच्या आधी भाकऱ्यांचं गाठोडं तयार होतं. माझा उजवा हात समोर ओढून तिनं बोटांच्या पेरापेराला अंगारा लावला, खांद्यापर्यंत नेला. तिचे डोळे सुजलेले होते. अप्पा म्हणाले, “काळजी करू नको, मी मागनं येतो ऑटो घेऊन.” त्यांनी आयुष्यात स्वतःहून घेतलेला तो बहुतेक पहिला निर्णय.

टेम्पोत पोरी नाचत होत्या. मी खिडकीशी बसले होते. कलबुर्गी गेलं, पुढं तुरीची रानं लागली, आणि मला सारखं वाटत होतं की बारा वाजले की काहीतरी होणार. वाहन उलटणार, माझी छाती बंद पडणार. बारा वाजले. काही झालं नाही. एक टपरी गेली, एक ट्रॅक्टर गेला. मला भूक लागली, एवढंच. मी भाकरी सोडली आणि खाल्ली. दुपारी बारा वाजता मी दुसऱ्या कुणाला न वाढता स्वतः बसून खाते आहे, याचं इतकं नवल वाटलं की घास हातातच राहिला. महादेवी म्हणाली, “रडायलीस का?” मी म्हटलं, “चटणी तिखट झालीय.”

मंठाळचं मैदान गावाबाहेर, काळ्या मातीचं, भेगाळलेलं. सगळं गाव जमलं होतं, बैलगाड्यांवर उभं राहून शिट्ट्या मारत होतं. मंठाळच्या पोरी रानात काम करणाऱ्या, दंडाच्या गच्च. पहिल्याच स्क्रमला मी समजले की आज खरं काम आहे. पण आमची फळी हलली नाही. एकदा, दोनदा, पाचदा भिडलो, चेंडू मी पायानं ओढला आणि मागं दिला. मॅडम कडेनं बेभान ओरडत होत्या, “येइच! येइच बोली थी मैं!” आम्ही पुढं होतो. अर्धा खेळ झाला, तरी पुढं होतो. आणि शेवटाकडं त्यांची एक उंच पोरगी चेंडू घेऊन सुटली. ज्या रेघेपलीकडं चेंडू टेकवला की गुण मिळतात, त्या आमच्या रेघेच्या आणि तिच्या मध्ये एकटी मी. मी झेप घेतली, तिच्या कमरेला मिठी मारली, दोघी हवेत फिरलो आणि मी खाली आले ती उजव्या खांद्यावर. एक आवाज आला. वाळकी काटकी पायाखाली मोडते तसा. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. मी बाहेर गेले आणि मागं मधली उरली नाही. स्क्रम नावाला उभे राहायला लागले, एक गडी कमी झाला, आणि उरलेल्या वेळात मंठाळनं मॅच फिरवली. आम्ही खालच्या फळीत गेलो. दवाखान्यात जाताना मॅडम टेम्पोत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “मरदानी है गे तू.” मी काही ऐकत नव्हते. मला एकच दिसत होतं. माय.

बसवकल्याणच्या दवाखान्यात हात गळ्यात बांधून मला खाटेवर बसवलं होतं. अप्पांनी फोनवर घरी सांगितलं होतं आणि माय कुणाच्या तरी जीपमधून निघाली होती. मी दाराकडं बघत होते. नवस मोडला आणि त्याच दिवशी हाड मोडलं. आता काही बोलायलाच उरलं नव्हतं. आता ही मला लग्नापर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकू देणार नाही, आणि आमच्या दारात नाही तर सासरच्या, कुठंतरी मी अशीच टोपलीमागं म्हातारी होणार. खांद्याच्या दुखण्यापेक्षा ते जास्त दुखत होतं.

माय आली. दारातच थांबली. पदराचा बोळा तोंडात धरलेला. तिनं माझं तोंड बघितलं नाही. गळ्यात बांधलेल्या हाताकडं बघितलं.

“कोंचा?” तिनं विचारलं.

“उजवा,” मी म्हटलं.

“उजवाच?”

“व्हय माय.”

ती खाटेच्या कडेला धपकन बसली. आता हंबरडा फोडणार म्हणून मी डोळे मिटले. तर तिच्या तोंडून निघाला तो सुस्कारा, इतका लांब की वाटलं त्या औदुंबरापासून धरून ठेवला होता. “उजवाच हात,” ती स्वतःशीच म्हणाली. “हातच बोलले होते मी. हातच घेतला त्यानं. जीवाला न्हाई लागला गं बाई. हातावर भागलं.” मग अप्पांकडं वळून, एखाद्या कज्ज्याचा निकाल सांगावा तसं म्हणाली, “फिटलं आमचं. काय ऱ्हायलं न्हाई आता.” आणि मग रडली. दिवसभर ती माझ्या मरणाची बातमी यायची वाट बघत बसली होती. दुपारी स्वतःच्या हातानं माधुकरी वाढताना प्रत्येक भाकरीला ती गल्लीच्या तोंडाकडं बघत होती, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

डॉक्टरला काही कळेना की पोरीचं हाड मोडलंय आणि आई देवाचे आभार कशी मानायलीय. मलाही तेव्हा धड कळलं नाही. पुढं कुणी कुणी मला म्हणालं, तुझ्या मायनं आपली समजूत घालून घेतली. घालून घेतली असेल. पण अशी समजूत घालायला केवढं धाडस लागतं, ते तिच्यासारखं घाबरल्याशिवाय कळायचं नाही. त्या हाडाला अजून गाठ आहे. थंडीत दुखते. मी बोटानं चाचपते आणि मला बरं वाटतं.

औरादच्या लोकांनी मोडलेल्या हाताची पोरगी नको म्हणून कळवलं. माय म्हणाली, “न्हाई तर न्हाई.” दीड महिना हात गळ्यात होता आणि दीड महिना तीच वाढत होती. मग एके दिवशी पट्टा निघाला. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, आणि सवयीनं, काही विचार न करता, मी उठले आणि टोपलीला हात घातला. मायनं फाडकन माझ्या मनगटावर मारलं.

“ठेव ते. तुझं न्हाई आता.”

मी उभी राहिले. काय करायचं कळेना. बाराची वेळ आणि हातात काही नाही. त्या वेळी घरात मी कधी नुसती उभी राहिलेच नव्हते, कुठं उभं राहायचं तेही ठाऊक नव्हतं. मग चपला घातल्या आणि मायच्या बाजूनं अंग चोरून उंबरा ओलांडला. बाहेर कडक ऊन. गल्ली माणसांनी भरलेली. आमचं दार बाराच्या उन्हात बाहेरून कसं दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. लहान होतं. आत अंधार होता आणि अंधारात टोपलीमागं वाकलेली एक बाई होती.

मी रांगेत उभी राहिले. पुढचे सरकले तशी मी सरकले. माझी पाळी आली, मी उजवा हात पुढं केला. पट्ट्यात राहून पांढरा पडलेला, बारीक झालेला. मायची मान खाली होती, तिनं वर बघितलं नाही, नेमच तो. पण हात तर बघितला. तो हात तिला अंधारातही ओळखू आला असता. तिचा हात क्षणभर टोपलीवरच राहिला. मग तिनं भाकरी उचलली, वर चटणी ठेवली आणि माझ्या तळहातावर ठेवून दोन्ही हातांनी जराशी दाबली.

“घ्या, महाराज,” ती म्हणाली. “पुढं व्हा.”